लिंबूटिंबूला काय काम द्यायचं?

पाऊस लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कुठलं खेळणं घ्यावं हे विचारणारी पत्रं कमी होतात आणि ‘दोघं दिवसभर घरात आहेत, काय करू?’ अशी वाढतात. या वेळचे प्रश्न अशाच घरांतले आहेत. घरात एकाला नुकते पाय फुटलेत आणि सोबतीला एक भावंडही आहे.

प्रश्न : आमचं वन बीएचके घर आहे. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी वीस महिन्यांची. तो ठोकळ्यांचं काही बांधायला बसला की ती येऊन पाडते. तो ढकलतो, ती रडते, मी त्याच्यावर ओरडते. दोघांना एकत्र खेळवता येईल असं काही आहे का? (डोंबिवली)

ती खोडी काढते आहे हे आधी मनातून काढून टाका. वीस महिन्यांच्या मुलीसाठी मनोरा पाडणं हाच खेळ असतो. हात लावला की धडाड् होतं. पुन्हा लावला की पुन्हा होतं का, हे ती पाहत असते. त्याचंही काही चुकत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बांधायचं चित्र तयार असतं आणि ते पुरं व्हायच्या आत कोणी मोडलं तर तो चिडणारच. ठोकळे तेच, पण खेळ दोन चालू आहेत. अशा वेळी ‘मिळून खेळा’ म्हटलं की भांडण ठरलेलं.

अंगणातल्या खेळांत यावर फार चांगली तोड होती. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. लिंबूटिंबू पळतो, ओरडतो, शिवतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. नियम मोठ्यांना, मजा सगळ्यांना. घरातही तेच करा : सामान एक, काम वेगळं.

ठोकळ्यांपुरतं बोलायचं तर मुलाला जमिनीवर बांधू देऊच नका. त्याला एक पाट द्या, नसेल तर मोठा ट्रे. बांधकाम पाटावरच करायचं. ती येताना दिसली की त्यानं ‘पाट!’ म्हणून हाक मारायची आणि तुम्ही पाट उचलून ओट्यावर ठेवायचा. पहिले दोन दिवस हाकेसरशी धावून जा. आई नक्की येते हा भरवसा बसला की त्याचा हात ढकलायला उठत नाही. तिच्यासाठी तो वेगळा मनोरा रचेल, खास पाडण्यासाठी. त्याला प्लॅस्टिकचे रिकामे डबे किंवा वाट्या घ्या, स्टीलच्या नकोत. स्टीलच्या आवाजानं तुम्हीच दहा मिनिटांत खेळ बंद कराल. तो रचतो, ‘एक, दोन, तीन’ म्हणतो, ती पाडते. असं पाच-सहा वेळा झालं की तिची हौस बरीचशी भागते. मग तिला दुसऱ्या कामाला लावा.

त्याचे ठोकळे बारीक असतील तर आणखी एक खबरदारी. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायची प्रमाणित नळी जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद असते. तिच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. घरी किचन टॉवेलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घेतलीत तर ती थोडी जास्तच रुंद असते, म्हणजे चाचणी कडक होते. नळीतून जे आरपार जातं ते मुलीच्या हाती लागता कामा नये. सागरगोटे, गोट्या, मणी, फुटलेल्या फुग्याचे तुकडे हे सगळं यात आलं. रिमोटमधल्या आणि खेळण्यांमधल्या चपट्या बटण-सेलना फार जपा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात दिवसाचा क्रम महत्त्वाचा : आधी घाम, मग बैठक. सकाळची वीस मिनिटं अंग हलवण्यात गेली की पुढची बसून खेळायची वेळ निभावते. मिक्सरच्या आकाराचं खोकं घ्या, तळाच्या धातूच्या पिना काढा, आत डाळ-तांदळाच्या एकेक किलोच्या तीन पिशव्या ठेवा आणि खाली जुना टर्किश टॉवेल अंथरा. ती ही ‘गाडी’ भिंतीपर्यंत ढकलत नेईल. वजन याहून कमी ठेवलं तर खोकं पुढे सटकतं आणि मूल तोंडावर आपटतं. फार जास्त ठेवलं तर गाडी हलत नाही आणि ती सोडून देते. मुलासाठी फरशीवर एक इंची मास्किंग टेपची वाकडीतिकडी रेघ काढा. तिच्यावरून टाचेला अंगठा लावत, चमच्यात लिंबू घेऊन चालायचं. ती मागून नुसती धावेल, धावू द्या. टेप दोन-तीन दिवसांत काढा, नाहीतर डिंक फरशीला धरतो. धरलाच तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा आणि नंतर साबणाच्या पाण्यानं नीट पुसा, कारण तेलकट फरशी घसरडी होते.

दुपारी परात. खाली जाड चादर, परातीत दोन बोटं पाणी. तिला दोन वाट्या, या वाटीतलं त्या वाटीत ओतायला. त्याला काय तरंगतं आणि काय बुडतं ते शोधू द्या : सफरचंद, बटाटा, बाटलीचं मोठं झाकण, चमचा. बटाट्याची फोड पाण्यात बुडते. पेलाभर पाण्यात तीन टेबलस्पून मीठ विरघळवलं की तीच फोड वर येते. हा खारट पेला मात्र ओट्यावरच ठेवायचा, परातीजवळ आणायचा नाही, कारण ती तो तोंडाला लावणार. खेळ चालू असताना तुम्ही हाताच्या अंतरावर बसा आणि उठताना परात रिकामी करूनच उठा. बाथरूममधल्या भरलेल्या बादलीचं भय याहून मोठं आहे. या वयात डोकं जड असतं. मूल वाकून आत पडलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. बादल्या रिकाम्या आणि उपड्या ठेवा, दाराला वरची कडी लावा.

प्रश्न : मुलगा आणि सून नोकरीला जातात. सव्वादोन वर्षांचा नातू माझ्याकडे असतो. सोफ्यावर, खिडकीत, टेबलावर चढतो, हाती येईल ते फेकतो. सहा वर्षांची नात एकला शाळेतून येते. माझे गुडघे दुखतात, त्याच्यामागे पळणं होत नाही. (नाशिक)

आजी, त्याच्यामागे पळू नका. घरच असं लावून घ्या की पळायची वेळ कमी येईल. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान तीन तास अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे नातू करतो आहे ते त्याच्या वयाला हवं तेच आहे, फक्त जागा चुकते आहे.

खिडकीपासून सुरुवात करा, आणि हे काम मुलाकडून याच रविवारी करून घ्या. खिडकीखालचा सोफा, पलंग, स्टूल सगळं हलवायचं. ग्रिलचे गज आडवे असतील तर मुलासाठी ती शिडीच असते. पुस्तकांचं कपाट आणि खणांचं टेबल एल-पट्टीनं भिंतीला आवळून घ्या. मूल खालचे खण ओढून पायऱ्या करतं आणि सगळं फर्निचर अंगावर येतं. टीव्ही नुसता स्टँडवर असेल तर तोही बांधा.

मग चढायला हक्काची जागा द्या. सोफ्याच्या गाद्या जमिनीवर, त्यांच्यावर लोड, पलीकडे दुमडलेली रजई. आली टेकडी. ‘चढू नको’ म्हणण्याऐवजी ‘टेकडीवर चढ’ म्हणा. या वयात ‘नको’पेक्षा त्याच्या आधीचा शब्द ठळक ऐकू येतो, म्हणून नुसत्या मनाईनं काम होत नाही.

फेकण्याचंही तसंच. दहा जोड मोजे गुंडाळून चेंडू करा, दोन-तीन हातांवर प्लॅस्टिकची टोपली ठेवा. नियम एकच : मोजा फेकायचा, वाटी नाही. वाटी फेकली तर रागावून व्याख्यान देऊ नका. वाटी उचलून ठेवा आणि हातात मोजा द्या. दहा-पंधरा वेळा तेच करावं लागेल. एकदा हसलात आणि एकदा ओरडलात तर तो पुढच्या वेळी काय होतं ते बघायला पुन्हा फेकेल.

तुम्ही खुर्चीत बसून खेळवायचे खेळ वेगळे. ‘आणून दे’ उत्तम : आईचा लाल रुमाल आणून दे, बाबाची चप्पल आणून दे, परत ठेवून ये. चाळीस फेऱ्या त्याच्या होतात, तुमची एकही नाही. साबणाचे फुगेही बसल्या बसल्या करता येतात. एक कप पाण्यात दोन टेबलस्पून भांडी घासायचं लिक्विड आणि एक चहाचा चमचा साखर, हलक्या हातानं ढवळून रात्रभर ठेवायचं. साखरेमुळे फुग्याचं पाणी लवकर उडत नाही, तो जास्त टिकतो. जोरात ढवळलं तर नुसता फेस होतो आणि फुगा धरत नाही. फुगे गच्चीत किंवा जाड चादरीवर; फरशीवर साबण पडला तर तुम्हीच घसराल.

नात घरी आली की लगेच त्याला तिच्या ओटीत घालू नका. जेवण आणि अर्धा तास तिचा एकटीचा, हे ठरवून टाका. सहा वर्षांच्या मुलीला राखणदार केलं की ती भावाला टाळू लागते. मग दोघांचं ‘दुकान’ लावा : ती दुकानदार, कागदाच्या नोटा आणि यादी तिची, तो हमाल, पिशवी तुमच्यापर्यंत पोचवणारा, तुम्ही गिऱ्हाईक. तो अर्ध्यात पिशवी टाकून टेकडीवर गेला तरी दुकान चालूच राहतं.

प्रश्न : घरी केलेला खेळायचा गोळा दोन दिवसांत चिकट होतो आणि आंबट वास येतो. काय चुकतं? (कोल्हापूर)

तुम्ही बहुधा नुसती कणीक पाण्यात मळता. ओली कणीक आंबणारच. टिकणारा गोळा शिजवावा लागतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक टेबलस्पून तेल, एक टेबलस्पून लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. तीन ते पाच मिनिटांत ते आधी खळीसारखं दाटतं आणि मग कडा सोडून उलथन्याभोवती गोळा होतं. कडा सोडण्याआधी गॅस बंद करणं ही नेहमीची चूक. आत कच्चं राहतं आणि तेच पुढे चिकटतं. कोमट झाल्यावर पाच मिनिटं मळा. मैदा कणकेपेक्षा बरा, कारण कणकेत कोंडा असल्यानं ती चरचरीत लागते आणि लवकर खवट होते.

पावसाळ्यात चांगला शिजलेला गोळाही ओलसर होतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. चमचाभर मैदा घालून पुन्हा मळा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे जातो. वास आला किंवा काळे ठिपके दिसले की टाकून द्या, वरचं काढून वापरू नका. रंगाला हळद घालणार असाल तर कपडे जुने घाला. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाकला की फिका पडतो.

या गोळ्यात मीठ फार आहे. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला हा देऊ नका. त्याला पोळीच्या कणकेचा ताजा गोळा द्या आणि खेळ झाला की फेका. मोठ्याला पोळपाट-लाटणं आणि चकलीचा सोऱ्या द्या. सोऱ्या फिरवायला जोर लागतो, म्हणून पाच-सहा वर्षांचं मूल त्यात रमून जातं. धाकट्याला रुंद दातांचा कंगवा आणि वाटी : टोचायचं, दाबायचं, ठसे उठवायचे.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची, बाळ महिन्याचं. बाळाला पाजायला घेतलं की ती अंगावर चढते. (म्हापसा)

एक टोपली फक्त पाजण्याच्या वेळची ठेवा. जाड पानांचं चित्रांचं पुस्तक, कपड्यांचे सात-आठ मोठे चिमटे आणि ते लावायला पुठ्ठा, बाहुली आणि तिला गुंडाळायला रुमाल, खाऊची छोटी डबी. पाजून झालं की टोपली कपाटात. दिवसभर समोर राहिली तर चार दिवसांत तिचं नवल संपतं. क्रम सांभाळा : आधी मुलीला शेजारी बसवून टोपली द्यायची, मग बाळाला घ्यायचं. दिवसातून एकदा तरी, ती ऐकत असताना, बाळाला सांगा : ‘थांब हं, आधी ताईचं होऊ दे.’ ‘थांब’ हा शब्द नेहमी तिच्याच वाट्याला येत असतो.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून कुडाळला रेल्वेनं जायचं आहे. तीन आणि सात वर्षांची मुलं. मोबाइलशिवाय इतका वेळ कसा काढायचा? (ठाणे)

खेळण्यांची पिशवी एकदम उघडू नका. सात-आठ वस्तू वेगवेगळ्या गुंडाळून ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासानं एकेक काढा. धाकट्यासाठी सर्वांत उपयोगी म्हणजे मास्किंग टेपचा रोल : तुकडे फाडायचे, पाण्याच्या बाटलीवर चिकटवायचे, काढायचे. काचेला चिकटवला तर उतरण्याआधी काढून टाका. मोठ्याला वही द्या आणि बोगदे मोजायला लावा, प्रत्येक बोगद्याला एक रेघ. रत्नागिरीच्या आधी करबुडेचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो; तिथे गाडी आत शिरल्यापासून उजेड दिसेपर्यंत आकडे म्हणायचे. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल येतो, तो चुकवू नका. धाकट्याला बोगद्यात फक्त ‘अंधार!’ म्हणून ओरडायचं काम.

खाऊत शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न नकोत. हलत्या गाडीत, त्यातून हसता-बोलताना ते श्वासनलिकेत जातात. द्राक्षं दिलीत तर उभी चार फोडी करून.

प्रश्न : सात ते साडेआठ माझा स्वयंपाक असतो. अडीच वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी दोघं पायाशी. नाइलाजानं मोबाइल देते. (नागपूर)

नाइलाज समजतो. गरम तेलाशेजारी मूल फिरण्यापेक्षा पडदा परवडला. पण तुमचा दीड तास जरा कमी करता येईल. भारतीय बालरोग तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तुमच्याकडे तेवढा एका बैठकीतच ओलांडतो.

सातची किरकिर बऱ्याचदा भुकेची असते. साडेसहालाच दोघांना वरणभात देऊन टाका, मोठ्यांचा स्वयंपाक मागून. इतकं केलं तरी खूप फरक पडतो. मग गॅसपासून तीन फुटांवर टेपची रेघ मारा. रेघेच्या आत मोठ्यांचे पाय. कढयांचे आणि कुकरचे दांडे भिंतीकडे वळवा.

रेघेबाहेर त्यांना खेळणी नव्हे, कामं द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या भोवतालच्या साध्या वस्तूंवर : शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या. स्वयंपाकघर तर अशा सामानानं भरलेलं असतं. चार वर्षांची मुलगी लसणाच्या पाकळ्या वेगळ्या करेल, मटार सोलेल, पोळीच्या कणकेची स्वतःची चांदकी लाटेल. मटाराचे दाणे मात्र तिच्या ताटातच. धाकट्याच्या हातात नकोत. त्याला कोथिंबिरीची पानं खुडायला द्या, किंवा परातीत बटाटे धुवायला. दोघांची जागा वेगळी ठेवा, पाठीला पाठ लावून बसवलं तरी चालेल. समोरासमोर बसले की दुसऱ्याच्या हातातलंच हवं होतं.

पडदा लागणारच असेल तर तो सुरुवातीला नको, फोडण्या आणि तळणीच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवा. मोबाइल हातात न देता शेल्फवर उभा करा, आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करा आणि गोष्ट संपली की पडदा बंद. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. त्या दिवसांत कधी दहा मिनिटं वाढवून दिलीत, कधी नाही, असं केलंत तर ती लांबेल.

आणि मुलासाठी एक हमखास काम. दोन किलो बटाटे आणि दोन किलो कांदे एका टोपलीत, दुसरी टोपली खोलीच्या पलीकडे. सगळे तिकडे न्यायचे. या वयात मुलांना वस्तू इकडून तिकडे नेण्याची जबर ओढ असते. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, सालपटं सांडतात तेवढीच. टोपली भरली की बहुतेक तो स्वतःच परत न्यायला लागेल. तेव्हा ‘शाब्बास’ म्हणायलाही जाऊ नका. त्याची तंद्री मोडते आणि तो पुन्हा तुमच्या पायाशी येतो.